कोड्यातले कापड

२१ डिसेंबर १९१३. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत एक नवा खेळ छापून आला. शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेली रिकामी घरे आणि शेजारी संकेतांची यादी. संकेत वाचायचा, शब्द ओळखायचा आणि त्याचे एकेक अक्षर एकेका घरात भरायचे. हा खेळ तयार केला होता आर्थर विन यांनी. विन मूळचे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे. खेळाला त्यांनी नाव दिले होते ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांतच छापताना शब्दांची अदलाबदल होऊन ते ‘क्रॉस-वर्ड’ झाले आणि तेच रूढ झाले. आपल्या वर्तमानपत्रांत रोज येणाऱ्या शब्दकोड्याचा हा पूर्वज.

या पहिल्या कोड्यातले बरेचसे संकेत सोपे होते. ‘एक पक्षी’, ‘रशियातली एक नदी’, ‘चेहरा’ हे उत्तर येईल असा ‘डोक्याचा एक भाग’. एक संकेत मात्र भल्याभल्यांना अडवणारा होता : ‘गोमुती माडाचे तंतू’. शब्द तीन अक्षरांचा. उत्तर होते ‘डोह’. गोमुती हा आग्नेय आशियात वाढणारा, ताडाच्या कुळातला वृक्ष. त्याच्या पानांच्या बुडाशी घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखे काळे राठ तंतू असतात. त्यांचे दोर वळतात. न्यूयॉर्कमध्ये रविवारी सकाळी चहा-कॉफी घेत बसलेल्या वाचकाला हा शब्द माहीत असण्याची शक्यता किती?

म्हणजे धाग्यादोऱ्याचा एक अनोळखी शब्द शब्दकोड्याच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले, १९३० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’नेही कोडे सुरू केले, आणि तेव्हापासून इंग्रजी कोडी सोडवणाऱ्यांना ‘एक प्रकारचे कापड, पाच अक्षरे’ हा संकेत वारंवार छळत आला आहे. इकात, ट्यूल, लाइल, डिमिटी, सॅमाइट, जॅकोनेट, नेनसूक. यांतली बरीचशी कापडे दुकानात सहसा मिळत नाहीत, मिळाली तरी अनेकदा त्या नावाने मिळत नाहीत. ती भेटतात बहुधा कोशात आणि कोड्यात.

असे का व्हावे? एक कारण कोडे रचणाऱ्याच्या अडचणीत आहे. आडवे आणि उभे शब्द एकमेकांत गुंतवताना शेवटी लहानलहान, स्वरांनी भरलेले शब्द लागतात. वस्त्रांच्या परिभाषेत असे शब्द भरपूर आहेत. दुसरे कारण मात्र कोड्याच्या बाहेरचे आहे. ते इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग आपल्याच देशात घडला आहे. या शब्दांची उकल करता करता तो आपल्या हाती लागतो.

पाठांतर न करता शब्द कसा ओळखायचा?

कोडी सोडवण्यात मुरलेले लोक अशा शब्दांच्या याद्या पाठ करतात. पण कापडांची नावे नीट पाहिली, तर ती पडण्याच्या मोजक्याच रीती दिसतात. कापड जिथून आले त्या गावावरून, धाग्यांच्या संख्येवरून, आणि कापडाच्या रूपावरून किंवा ते करण्याच्या कृतीवरून. चौथा गट मोजमापाच्या शब्दांचा. या चार वाटा माहीत असल्या, तर निदान विचार कुठून सुरू करायचा ते कळते.

गावांची नावे

सर्वांत मोठा गट गावांचा. फ्रान्समधल्या कांब्रे गावावरून केंब्रिक. आपल्याकडे ब्लाउजपीसच्या दुकानात हा शब्द आजही ऐकू येतो. लाँ या गावावरून लॉन, ट्यूल गावावरून जाळीचे ट्यूल, लील शहराच्या जुन्या नावावरून लाइल हा मोज्यांचा सूत. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या वर्स्टेड खेड्यावरून वर्स्टेड लोकर. इटलीच्या जिनोआ बंदराच्या फ्रेंच नावावरून जीन, आणि फ्रान्सच्या नीम शहरावरून, म्हणजे ‘द नीम’वरून डेनिम. चीनच्या नानजिंगवरून नॅनकीन. हे कापड पिवळसर असे, कारण मुळात त्या कापसाचाच रंग पिवळसर होता. बगदादमधल्या अत्ताबी नावाच्या वस्तीत पट्ट्यापट्ट्यांचे रेशीम विणत. त्यावरून इंग्रजीत टॅबी हा शब्द आला. पुढे तसेच पट्टे अंगावर असलेल्या मांजरालाही टॅबी म्हणू लागले. मांजराचे नाव कापडावरून पडले, कापडाचे मांजरावरून नव्हे!

आता भारताकडे येऊ. कॅलिको म्हणजे कालिकतचे, आजच्या कोझिकोडचे कापड. मादापोलम हे आंध्रच्या किनाऱ्यावरील नरसापूरजवळचे गाव. सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती. जॅकोनेट या शब्दात जगन्नाथपुरीचा जगन्नाथ लपलेला आहे. आणि डंगरी म्हणजे मुंबईची डोंगरी! डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड ‘डोंगरी’ या नावाने ओळखले जाई. ते जहाजांवरून गेले, त्याच्या खलाशांसाठी व कामगारांसाठी विजारी शिवल्या गेल्या, आणि डोंगरीचे अनेकवचन ‘डंगरीज’ हे त्या पोशाखाचेच नाव झाले. लहान मुलांना आपण कौतुकाने डंगरी घालतो, तेव्हा मुंबईतल्या एका जुन्या वस्तीचे नाव इंग्लंडला जाऊन परत आलेले असते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कापडाच्या नावातले गाव हे विणकराचे गाव असेलच असे नाही. पुष्कळदा ते बाजाराचे गाव असते. इंग्रजीतला मस्लिन हा शब्द इराकमधल्या मोसुल शहरावरून आला. पण ज्या मस्लिनने जगाला वेड लावले, ती मलमल विणली जात होती ढाक्याच्या आसपासच्या खेड्यांत. कॅलिको नावाखाली विकले गेलेले कापड गुजरातेत आणि कोरोमंडल किनाऱ्यावरही विणले जाई. खरेदीदाराने ज्या नावाने माल पहिल्यांदा ऐकला, तेच नाव टिकले. आपल्याकडेही असे घडतेच. आज पैठणीचे सर्वांत जास्त माग पैठणला नव्हे, तर नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याला चालतात; साडी मात्र पैठणीच.

धाग्यांची संख्या

दुसरी वाट शिक्षकांना विशेष आवडेल, कारण तिच्यात अंकगणित आहे. ग्रीक भाषेत ‘मितोस’ म्हणजे धागा. ‘दि’ म्हणजे दोन. त्यावरून दोन धाग्यांचे ते डिमिटी. ‘हेक्स’ म्हणजे सहा. ‘हेक्सामितोस’ हा शब्द झिजत झिजत सॅमाइट झाला. हे मध्ययुगातले भारी रेशीम. लॅटिनमध्ये दोन धाग्यांच्या कापडाला ‘बायलिक्स’ म्हणत. इंग्रजांनी त्याचे आपल्या भाषेत रूपांतर केले आणि ट्विल हा शब्द तयार झाला. तीन धाग्यांचे ‘ट्रायलिक्स’. त्यापासून जर्मन भाषेमार्गे ड्रिल. शाळेच्या गणवेशाच्या पँटचे जाड ड्रिल कापड हेच.

आता आपला ‘दोसुती’ हा शब्द पाहा. दोन सुते घेऊन विणलेले ते दोसुती. डिमिटी, ट्विल आणि दोसुती या तीन शब्दांचा एकमेकांशी कसलाही जन्मसंबंध नाही. पण तीन ठिकाणच्या लोकांनी कापडाकडे पाहून एकच विचार केला : धागे मोजले. ज्याला दोसुती कळतो, त्याला डिमिटी पाठ करावा लागत नाही.

धाग्यांच्या या संख्येला अर्थ आहे हे वर्गात सहज दाखवता येते. एका रंगाच्या कागदाच्या आठ उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवा. हा झाला ताणा. दुसऱ्या रंगाच्या आठ पट्ट्या घ्या. हा बाणा. पहिली आडवी पट्टी एका उभ्या पट्टीवरून, दुसरीखालून अशी ओवत न्या. पुढची पट्टी याच्या उलट. ही साधी वीण. मलमल, केंब्रिक, कॅलिको सगळी याच विणीची. आता दुसऱ्या कागदावर दोन वरून, दोन खालून अशी पट्टी ओवा आणि प्रत्येक पुढच्या ओळीत एक घर सरका. चार-पाच ओळी झाल्या की तिरप्या रेघा दिसू लागतील. ही ट्विलची वीण. मुलांना आपापल्या जीनच्या कापडावरच्या तिरप्या रेघा शोधायला सांगा.

यानंतर एक मोजणी करायला लावा. साध्या विणीत आठ पट्ट्या पार करताना आडवी पट्टी वरून खाली किंवा खालून वर किती वेळा जाते? सात वेळा. ट्विलमध्ये? तीन किंवा चार वेळा. धागा जितक्या कमी वेळा वाकतो, तितके धागे एकमेकांच्या जवळ दाबून बसवता येतात. म्हणून ट्विलचे कापड भरगच्च आणि टिकाऊ होते, तरी ते अंगावर ताठ राहत नाही. खलाशी, सैनिक, कामगार यांचे कपडे ट्विल किंवा ड्रिलचे का असत, याचे उत्तर या मोजणीत आहे.

रूप आणि कृती

तिसरी वाट कापडाच्या रूपाची. इथे मराठी किंवा हिंदी जाणणाऱ्याला घरचेच शब्द भेटतात. ‘नेनसूक’ म्हणजे नैनसुख, डोळ्यांना सुख देणारे तलम कापड. ‘मल’ म्हणजे मलमल, पुढचे अर्धे गळलेले. ‘खाकी’ खाक म्हणजे मातीपासून. ‘बँडाना’ बांधणीपासून : कापडाला जागोजागी दोऱ्याने गच्च बांधून रंगात बुडवले, की बांधलेल्या जागी रंग चढत नाही आणि ठिपके उमटतात. मलय भाषेतही ‘बांधणे’ या अर्थाच्या शब्दापासून ‘इकात’ आले; मात्र इकातमध्ये कापड न बांधता विणण्याआधी सूतच बांधून रंगवतात. ‘टसर’च्या मुळाशी संस्कृत ‘त्रसर’ आहे, म्हणजे धोटा. आणि ‘गनी’ म्हणजे आपली गोणी. हा शब्द तर पाणिनीच्या अष्टाध्यायीत आढळतो, म्हणजे वय दोन हजारांहून अधिक!

‘सीअरसकर’ हा शब्द कोड्यात आला की इंग्रज बुचकळ्यात पडतो. मुळात तो फारसी ‘शीर-ओ-शकर’ आहे : दूध आणि साखर. एक पट्टा दुधासारखा गुळगुळीत, शेजारचा साखरेसारखा खरखरीत. हे साधायची युक्ती सोपी आहे. मागावर काही उभे धागे ताणून आणि काही सैल ठेवून विणायचे. कापड मागावरून उतरले की सैल धाग्यांच्या जागी चुण्या पडतात. चुण्यांमुळे कापड अंगाला चिकटत नाही, मधून हवा खेळते, आणि इस्त्रीचीही गरज नाही. उष्ण हवेत हे कापड का आवडते ते यावरून कळते.

आणि चीट. इंग्रजांनी ‘छींट’चे अनेकवचन ‘चिंट्स’ केले, मग तेच एकवचन समजून त्याची अक्षरे बदलली. चिटेचे मोठेपण नुसत्या फुलापानांत नव्हते. युरोपात त्या काळी कापडावर छापलेले रंग धुण्यात जात. आपल्या रंगाऱ्यांना मात्र तुरटीचा उपयोग ठाऊक होता. कापडावर आधी तुरटीच्या द्रावणाने नक्षी काढायची आणि मग मंजिष्ठा किंवा चाय या झाडांच्या मुळांच्या रंगात ते उकळायचे. तुरटीतले ॲल्युमिनियम एकीकडे तंतूला आणि दुसरीकडे रंगाच्या रेणूला धरून ठेवते. जिथे तुरटी, तिथेच रंग पक्का. बाकीचा धुऊन जातो. रसायनशास्त्राची सूत्रे लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी हे ज्ञान हातांमध्ये होते.

हात, कोपर आणि वार

मोजमापाचे शब्द कोड्यांत फार येतात, त्यांतला सर्वांत लाडका ‘एल’. तीनच अक्षरे. एल हे कापड मोजण्याचे जुने माप. इंग्रजी एल ४५ इंचांचा, फ्लेमिश एल २७ इंचांचा. त्याहून लहान माप ‘नेल’, म्हणजे सव्वादोन इंच. इंग्रजी एलमध्ये असे २० नेल, फ्लेमिश एलमध्ये १२. एकाच नावाची दोन मापे असली की व्यापारात भांडणे होणारच. म्हणून इंग्लंडमध्ये कापड मोजून त्यावर शिक्का मारणारा सरकारी अधिकारी नेमत. त्याचे नाव ‘अल्नेजर’, हाही कोडेवाल्यांचा आवडता शब्द.

एल आला कुठून? हाताच्या पुढच्या भागावरून. लॅटिन ‘अल्ना’ हा त्याच कुळातला शब्द. जीवशास्त्राच्या पुस्तकात कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी एकाचे नाव अल्ना असते, तेच हे. इंग्रजीत कोपराला ‘एल्बो’ म्हणतात, म्हणजे एल जिथे वाकतो ती जागा. आपणही कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीला ‘हात’ म्हणतो आणि ‘नऊवारी’ म्हणताना वाराने साडी मोजतो. माप मागे पडले, हाडाच्या आणि साडीच्या नावात मात्र ते राहिले.

शब्द अवघड कधी झाले?

इथवर पाहिलेले बहुतेक शब्द एके काळी अवघड नव्हतेच. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या कुठल्याही कापड दुकानदाराला चीट, कॅलिको आणि मलमल यांतला फरक सांगता आला असता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे भारतीय सुती कापडाने भरून जात होती. धुता येणारे, हलके, पक्क्या रंगाचे हे कापड श्रीमंतांच्या पडद्यांपासून मोलकरणींच्या झग्यांपर्यंत पोचले होते.

तिथले लोकर आणि रेशीम विणणारे धास्तावले. १७०० मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून भारत, इराण आणि चीनमधून येणारे छापील व रंगीत सुती कापड आणि रेशीम वापरण्यास बंदी केली. कोरे कापड तरी येत राहिले आणि लंडनजवळ छापले जाऊ लागले. १७१९ मध्ये स्पिटलफील्ड्सच्या विणकरांनी दंगली केल्या. रस्त्यात कॅलिकोचे कपडे घातलेल्या स्त्रियांच्या अंगावरचे कपडे फाडले. १७२१ मध्ये आणखी कडक कायदा आला. तो १७७४ पर्यंत टिकला. फ्रान्सनेही १६८६ ते १७५९ अशी बंदी घातली होती.

याच काळात इंग्लंडमध्ये यंत्रे येत होती. १७३३ मध्ये जॉन के यांचा धावता धोटा, १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्ज यांची सूतकताईची जेनी, १७६९ मध्ये आर्कराइट यांचे पाण्यावर चालणारे यंत्र, १७७९ मध्ये सॅम्युअल क्रॉम्प्टन यांचे म्यूल. या शेवटच्या यंत्राला सुरुवातीला दिलेले एक नाव बोलके आहे : ‘मस्लिन व्हील’, मलमलीचे चाक. ढाक्याच्या कातणाऱ्या स्त्रियांच्या बोटांतून निघणारे सूत यंत्रातून काढायचे, हे ध्येय त्या नावात उघड दिसते.

एकोणिसाव्या शतकात प्रवाह उलटा फिरला. भारतात कंपनीची आणि पुढे इंग्रज सरकारची सत्ता होती. जकातीही त्यांच्याच हातात होत्या. लँकेशायरच्या गिरण्यांतले कापड जहाजे भरून भारतात येऊ लागले. त्या गाठोड्यांवर नावे कोणती होती? जॅकोनेट, मल, मादापोलम! जगन्नाथपुरीचे नाव, आंध्रच्या एका गावाचे नाव लावून लँकेशायरचे कापड भारतात विकले जात होते. कापडाची नावे आपल्या मागांवरून निघाली आणि गिरण्यांच्या मालावर जाऊन बसली.

यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्यात ‘पीस-गुड्स’ या शब्दाची नोंद आहे. कोशकार नमूद करतात की या शब्दाने आता मँचेस्टरहून भारतात येणारे कापड ओळखले जाते, पण मुळात तो भारतातून इंग्लंडला जाणाऱ्या कापडासाठी होता. पुढे भारतीय कापडांच्या नावांची भलीमोठी यादी दिली आहे. एका शब्दाच्या अर्थात झालेला हा बदल म्हणजे दीडशे वर्षांच्या आर्थिक इतिहासाचा सारांशच आहे.

याच्या वीस वर्षे आधी, १८६६ मध्ये, आणखी एक काम झाले होते. लंडनच्या इंडिया ऑफिसमधले जॉन फोर्ब्ज वॉटसन यांनी भारतीय कापडांचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. अशा खंडांचे २० संच केले. त्यातले १३ ब्रिटनमध्ये वाटले गेले, ७ भारतात आले. हेतू त्यांनी लपवला नव्हता : भारतातले लोक काय नेसतात, त्यांना काय आवडते, हे इंग्लंडच्या कारखानदारांना घरबसल्या कळावे. आज हेच खंड अभ्यासकांना मोलाचे वाटतात, कारण त्यांत पागोटी, लुगडी, धोतरे यांचे असे नमुने जपले गेले आहेत जे विणणारे हात पुढे उरले नाहीत.

शब्द अवघड झाले ते असे. शब्द कोशात शिरला की सहसा बाहेर पडत नाही. कोशकार फार तर ‘जुना’ अशी खूण करतो. कापडाचे तसे नाही. मागणी गेली की माग थांबतो, माग थांबला की एका पिढीत हातातले कसब जाते. कोडे रचणारा कोश उघडतो तेव्हा त्याला पाच सोयीची अक्षरे दिसतात. त्या अक्षरांमागे एक उजाड झालेली विणकर आळी असू शकते.

फसव्या व्युत्पत्ती

शब्दांवरून इतिहास काढताना एक पथ्य पाळायला हवे. गावाचे नाव कापडाच्या नावासारखे ऐकू आले म्हणून नाते ठरत नाही. मस्लिनचा संबंध काहींनी मच्छलीपट्टणशी जोडला. ऐकायला तो पटतो, तिथे कापडाचा मोठा व्यापारही होता. पण युरोपीय भाषांतली या शब्दाची जुनी रूपे मोसुलकडेच नेतात. ‘गॉझ’ हे नाव गाझा शहरावरून पडले असे अनेक पुस्तके छातीठोकपणे सांगतात. कोशकारांत मात्र त्यावर एकमत नाही.

सर्वांत गमतीदार उदाहरण ट्वीडचे. स्कॉटलंडमध्ये ट्वीड नावाची नदी आहे, तिच्या काठी लोकरीचे कापड विणतात, म्हणून ट्वीड. यात शंका घ्यायला जागा तरी दिसते का? पण कोशकारांच्या मते मूळ शब्द होता ‘ट्वील’, म्हणजे ट्विलचे स्कॉटिश रूप. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो कुणीतरी ‘ट्वीड’ असा चुकीचा वाचला, आणि नदीचे नाव ओळखीचे असल्याने ती चूक खपून गेली. पटणारी गोष्ट आणि पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक असतो, हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

शब्दाचा उलटा प्रवास

शब्द राहिला आणि वस्तू गेली, अशीच ही कथा संपते का? ढाक्याच्या मलमलीच्या बाबतीत थोडे वेगळे घडले. या मलमलीच्या प्रकारांना ‘आब-ए-रवाँ’ म्हणजे वाहते पाणी, ‘शबनम’ म्हणजे दव अशी नावे होती. ती ज्या कापसापासून होई त्याचे स्थानिक नाव ‘फुटी कार्पास’. एकोणिसाव्या शतकात मलमल संपली आणि या कापसाची लागवडही बंद पडली. राहिले कोशातले नाव, जुन्या लेखकांची वर्णने, संग्रहालयांतले काही कपडे आणि लंडनच्या क्यू उद्यानात जपून ठेवलेली वाळकी पाने.

एकविसाव्या शतकात बांगलादेशातल्या संशोधकांनी याच तुटपुंज्या सामग्रीवरून शोध सुरू केला. वर्णनांशी जुळणारी झाडे नद्यांच्या काठी शोधली, त्यांच्या डीएनएची जुन्या नमुन्यांशी तुलना केली, जुळणाऱ्या झाडांची लागवड केली. मग प्रश्न आला कातणाऱ्यांचा आणि विणणाऱ्यांचा. जामदानी विणण्याची कला ढाक्याजवळ टिकून होती. त्या विणकरांनी पुन्हा अतितलम सुतावर हात बसवला. २०२० मध्ये ढाक्याच्या मलमलीला बांगलादेशात भौगोलिक निर्देशांक मिळाला.

या कामात वनस्पतिशास्त्र होते, जनुकशास्त्र होते, विणकरांचे कसब होते. पण सुरुवातीला हातात जे धागे होते त्यांतला एक म्हणजे ते नाव. झाडाला नाव होते, नावासोबत वर्णन होते, म्हणून काय शोधायचे ते ठरवता आले. ज्या कापडांची नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांचा शोध कुणी कसा घ्यावा?

वर्गासाठी

हे काम शाळेतही सुरू करता येईल. मुलांना आपापल्या घरी, शिंप्याकडे, कापडाच्या जुन्या दुकानात जाऊन कापडांची नावे लिहून आणायला सांगा. मांजरपाट, दोसुती, खण, इरकल, ताफता, मलमल, केंब्रिक, गोणपाट. आजींकडे काही अशी नावे निघतील जी शिक्षकांनीही ऐकलेली नसतील. प्रत्येक नावापुढे चार रकाने करा. नाव कशावरून पडले असावे : गाव, धागे, रूप की माप? कापड कोणत्या विणीचे? कशासाठी वापरत? अजून मिळते का? शक्य असेल तिथे कापडाचा बोटभर तुकडा चिकटवा. भिंगाखाली धरून एका सेंटिमीटरमध्ये उभे किती आणि आडवे किती धागे आहेत ते मोजून लिहा.

मग याच शब्दांचे एक शब्दकोडे मुलांना रचू द्या. उभे शब्द, आडवे शब्द. कोडे रचताना त्यांना कळेल की अडते ते लहान शब्दांपाशीच, आणि संकेत लिहिताना कळेल की ‘एक प्रकारचे कापड’ एवढे लिहून भागत नाही. इरकलला संकेत लिहायचा तर इलकल गाव नकाशावर शोधावे लागते, दोसुतीला लिहायचा तर धागे मोजावे लागतात. ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा आणि दर वर्षी नव्या वर्गाने तिच्यात भर घालावी. रकान्यांतल्या ‘अजून मिळते का?’ या प्रश्नाची उत्तरे दर वर्षी पुन्हा तपासायला मात्र विसरू नका.